मी हिचा बाप
बूटपॉलिशचा वास आला की ती दुपार आठवते. लष्करातून निवृत्त झालेले वडील साताऱ्यात माझ्याकडे राहायचे. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येईनात. त्या दिवशी बुटांना ब्रश मारता मारता ते थांबले आणि घाबऱ्या आवाजात म्हणाले, "मी हाय का रं?" मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारा. शेजारी बसून समजावलं, "आबा, हा विचार तुमच्या मनात आला ना? मग विचार करणारा कुणीतरी असणारच." "कुणीतरी हाय," ते म्हणाले, "पर त्यो मीच कशावरनं?"  तेवढ्यात सांगलीहून बहीण आली आणि दारातूनच म्हणाली, "आवं आबा, जेवलात का?" ते तिच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरची भीती हळूहळू उतरली. मग माझ्याकडे वळून, अनोळखी पाहुण्याला सांगावं तसं म्हणाले, "मी हिचा बाप." रोज त्यांना अंघोळ घालायचो, भरवायचो मी. चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो आणि गॅस न पेटवता तसाच उभा राहिलो. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. बहीण अजून फोनवर सहज म्हणते, "आबांनी मला शेवटपर्यंत ओळखलं." मी तिला सांगलीचं हवामान विचारतो.