जोगळेकर मास्तरांचे ठिपके

एका खोलीत पाच मास्तर दहा वर्षं बसले की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. उरणकडच्या आमच्या शाळेतले निम्मे एकट्या जोगळेकरांचे!

तीस-बत्तीस सालच्या सुमाराला मुंबईहून बी.एस्सी. होऊन ते रसायन शिकवायला आले, ते ठिपके घेऊनच. अणूचं इंग्रजी अक्षर काढायचं आणि भोवती त्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचे ठिपके. बहुतेक अणूंची धडपड आठ पुरे करायची.

*

मीठ शिकवताना म्हणाले, "सोडियम आपला एक ठिपका क्लोरीनला देऊन टाकतो."

मिठागरावरचा पांडू उठला. "मास्तर, आमच्या मिठागरावं कुनी कुनाला काय देत न्हाय!"

*

काही अणू ठिपके देत नाहीत, जोडी सामाईक ठेवतात. ती दोघांचीही धरायची. हे कुणाच्या डोक्यात शिरेना. मामाकडे शिकायला राहिलेला दिघीचा हमीद म्हणाला, "मंजे आमची खाडीवरली तर! दिघीवाले बोलतात आमची, पलीकडचे आगरदांडावाले बोलतात आमची. होडी एकच!"

पुढे दरवर्षी जोगळेकर हा धडा होडीपासूनच सुरू करत.

*

निऑनचे आठही पुरे, म्हणून तो कुणात मिसळत नाही. पोरांनी हेडमास्तरांचं नाव निऑन ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी जोगळेकरांनाच विचारलं,

"काय हो, हा निऑन असतो कसा?"

"अत्यंत स्वयंपूर्ण, सर!"

हेडमास्तर आठवडाभर खुशीत होते.

*

मग इन्स्पेक्टर यायचे ठरले. जोगळेकरांची नोकरी अजून कच्ची होती. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्यांच्या शेऱ्यावर. साहेब जुन्या वळणाचे, त्यांना अक्षरं रेघांनी जोडलेली लागत. ठिपके म्हणजे पोरखेळ! आम्ही विनवलं, "एक दिवस रेघा काढा हो." हा माणूस जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

"रेघेत इलेक्ट्रॉन दिसतात का?" म्हणाले, आणि आदल्या संध्याकाळीच फळ्यावर पाण्याचा रेणू काढून ठेवला. मध्ये ओ, दोन बाजूंना एच, अक्षरांच्या मध्ये शेजारी शेजारी दोन दोन ठिपके, ओच्या डोक्यावर दोन, पायाशी दोन.

सकाळी झाडलोट करणाऱ्या ठकूबाईनं वर्ग झाडला, दारात रांगोळी घातली. साहेब आत आले आणि फळ्याकडे बघत राहिले. जोगळेकरांनी वळून पाहिलं. एच, रेघ, ओ, रेघ, एच. ठिपका एक नाही!

"वा! वय नवं, पण वळण जुनं!" साहेबांनी तिथेच शेरा लिहिला, कायम करावे.

साहेब गेल्यावर जोगळेकर गरजले, "फळ्याला हात कुणी लावला?"

"मीच लावला," ठकूबाई म्हणाली. "पावना येनार नि रांगोली अरधी ठेवायची? मधले ठिपके जोडले. वरचे-खालचे कोनाला जोडायचे ते उमगंना, पुसले!"