भिंतीच्या मातीचा रिपोर्ट

आमच्या घरातल्या एका भिंतीला कधी वाळवी लागली नाही, आणि या गोष्टीचा माझ्या सासऱ्यांना जेवढा अभिमान होता तेवढा पोटच्या पोराचाही नव्हता. दिग्रसपासून आत आमचं गाव. तिथली बहुतेक मातीची घरं उधईनं पोखरलेली. चौकटीला बोट लावलं की भुसा गळायचा. आमच्या मागच्या खोलीची चौकट मात्र ठणठणीत. कारण सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, तरुणपणी ती भिंत उभारताना चिखलात कपाशीवर मारायची पांढरी पावडर कालवली होती. चिमूटभर नाही, घमेल्यानं. पुढं दर दिवाळीला लिपायच्या शेणामातीतही मूठ टाकायचे. नंतर सरकारनं त्या पावडरीवर बंदी आणली, तेव्हा मामाजी म्हणाले, "चांगल्या चीजेवरच बंदी येते."

मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती खोली फवारणीच्या पंपांची, डवऱ्यांची आणि दोरांची. तिथं कुणी झोपत नव्हतं, म्हणून त्या पावडरीचा विचार करायची वेळ कधी आली नाही. ती वेळ कापसानं आणली.

आदल्या वर्षी कापसाचा भाव चढला होता. म्हणून त्या वर्षी अख्ख्या गावानं कापूस घरात भरून ठेवला, आणि भाव जो बसला तो उठेचना. आमच्या पुढच्या दोन्ही खोल्या आढ्यापर्यंत भरल्या होत्या. घर कापसाचं होतं आणि आम्ही त्यात भाडेकरू. अंगाला खाज सुटायची, अंगावर चट्टे उठायचे, रात्रभर खरखर चालायची. आणि नेमकी त्याच वेळी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना लागलेला. तिला कुठं निजवायचं? खोली उरली होती ती एकच.

यजमानांनी मिस्त्री बोलावला. भिंत खरवडायची, सिमेंटचा गिलावा मारायचा, खिडकी पाडायची, खाली फरशी बसवायची. मिस्त्रीनं खरवडण्याआधी भिंतीवर बादलीभर पाणी मारलं आणि खोलीतून एक वास बाहेर आला. दमट, कडवट, घशाला चिकटणारा. तो वास मी ओळखला. काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधेनं माणसं पडली होती, दवाखान्यात खाटा पुरल्या नव्हत्या. आमच्या गल्लीतला एक गडी त्यातून वाचला, पण चहाचा कप धरताना त्याचा हात अजून थरथरतो. असं सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या बाईनं आपली गर्भार लेक त्या वासात निजवायची?

मी म्हटलं, "काम थांबवा. आधी ही माती तपासून आणू. मग काय खरवडायचं ते खरवडा."

मामाजी बाजेवरून उठले. "माया भितीले तपासता? चाळीस वर्स उभी हाय ते!"

"भिंत उभी आहे हो मामाजी. तिच्याशेजारी माणूस किती उभं राहतं ते बघायचं आहे."

मी असं बोलायला नको होतं, पण माझी जीभ अशीच आहे. मामाजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी ओल्या भिंतीचा एक पोपडा काढला आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकला. यजमानांदेखत, मिस्त्रीदेखत, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या लेकीदेखत. चावला, गिळला, वर मिशीवरून हात फिरवला. "घ्या. झाली तपासनी. झालं का मले काही?"

लेक खुदकन हसली. यजमानही हसले. मला एकटीलाच हसू आलं नाही. यजमानांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून "जाऊ दे ना" अशी मान हलवली. त्यांच्या त्या मानेनं माझं निम्मं आयुष्य खाल्लं आहे.

मी पिशवीत माती भरली आणि निघाले.

पहिल्यांदा दिग्रसच्या कृषी केंद्रात. दुकानदारानं वास घेतला, डोळे मिटले, जुना मित्र भेटावा तसा खुलला. "वा! असा माल आता भेटत नाही, काकू. ह्या भिंतीले हात नका लावू."

मग माती परीक्षणाला. तिथल्या माणसानं अर्ज पुढं सरकवला आणि विचारलं, "गट नंबर?"

"गट नंबर नाही. घराची भिंत आहे."

"पीक कोणतं घेता?"

"भिंतीवर?"

"पीक भरल्याशिवाय नमुना घेता येत नाही, बाई. कपाशी लिहू का?"

तो लिहून मोकळाही झाला. कोरडवाहू कपाशी. काही दिवसांनी रिपोर्ट आला. नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर. खाली शिफारस होती: हेक्टरी किती गाड्या शेणखत आणि किती युरिया. हसावं की रडावं ते कळेना. यजमानांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा मामाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी तरी सोडलं नाही. एसटीनं यवतमाळला गेले. एका ऑफिसात म्हणाले, आम्ही पाणी तपासतो, पाणी आणा. दुसऱ्या ऑफिसात म्हणाले, साहेब दौऱ्यावर आहेत. तिथल्या एका बाईंना माझी दया आली. त्यांनी खुर्ची दिली आणि समजावलं, "ताई, विषाचा अंश शोधायची मोठी लॅब असते. नागपूरला विचारा, नाहीतर पुण्याकडं. तिकडं द्राक्षं तपासतात, बाहेरदेशी पाठवायची असतात ना."

मी तशीच उठले. बाहेरदेशी कुणी माणूस द्राक्ष खाणार, त्याच्या पोटाची काळजी घ्यायला यंत्रं आहेत. माझ्या लेकीच्या पोटाची काळजी घ्यायला कपाशीचा अर्ज. येताना गाडीत उभ्यानं आले आणि सगळ्या वाटेनं मनातल्या मनात सगळ्यांशी भांडले.

इकडं लेकीची खाट मी स्वयंपाकघरात लावली होती. मागच्या खोलीला मी कडी घातली. मामाजी माझ्याशी बोलेनासे झाले. ताट ठेवलं की भिंतीकडं तोंड करून जेवायचे. यजमान दोघांच्या मधे मान हलवत. आणि लेक कंटाळलेली, कापसानं खाजवत बसलेली. म्हणायची, "आई, तू उगाच घर डोक्यावर घेतलं."

नागपूरच्या पत्त्याची चौकशी करायला मी नेरला माझ्या भावाकडं गेले होते. त्याचा मुलगा नागपुरात कॉलेजला. दुपारी परत आले तर स्वयंपाकघरातली खाट रिकामी. मागच्या खोलीची कडी काढलेली. आत लेक भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसली होती, फोनवर नवऱ्याशी बोलत. मला पाहून तिनं घाईनं ओठ पुसले.

दाराआडच्या भिंतीला, बसल्या माणसाचा हात पोचेल तिथं, खळगा पडला होता. वाटीएवढा. कडेला नखांचे ओरखडे होते. बाजूला तांब्या होता आणि भिंतीचा तेवढाच भाग ओला होता.

मी वाकून त्या खळग्यात बोट घातलं.

"माती खाते तू?"

"मग काय झालं? सगळ्यांनाच लागतात डोहाळे. पाणी मारलं की इतका वास सुटतो ना आई, राहवतच नाही."

"ही माती? मी जिच्यापायी गावोगाव हिंडते आहे ती?"

तिचे डोळे भरले. पण उत्तर तिच्याकडं तयार होतं. "आबाजींनी खाल्ली होती ना, तुझ्यासमोर? त्यांना झालं का काही?"

मामाजी दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी खळगा पाहिला, नातीकडं पाहिलं आणि बाजेवर जाऊन बसले. त्या वेळी ते एक शब्द जरी बोलले असते ना, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात रक्त कमी असलं की असे डोहाळे लागतात. गोळ्या दिल्या, रागावल्या. पावडरीचं विचारलं तर म्हणाल्या, "त्याची तपासणी इथं होत नाही." मी लेकीला तिथूनच नेरला भावाकडं नेलं. भाच्यानं नागपुरात विचारलं, तर तिथंही घराच्या भिंतीची माती घेत नव्हते. बाळंतपण नेरलाच झालं. मुलगी झाली. रंग, रडणं, वजन, सगळं चांगलं. तरी महिनाभर मी तिची बोटं मोजत होते, डोळ्यांपुढून हात फिरवत होते, ती झोपली की श्वास ऐकत होते. कशाची वाट बघत होते ते कुणीच सांगू शकत नव्हतं. राग येतो तो याचा. भीती खरी की खोटी, हे कळायचा हक्कसुद्धा आपल्याला नाही.

कापूस शेवटी पडत्या भावानं गेला, आणि ती भिंत मी पाडायला लावली. तोंडाला फडकी बांधून मिस्त्रीनं पाडली. माती शेताच्या बांधाला खड्डा करून पुरा, असं मी बजावलं होतं. निम्मी गेली. निम्मी मामाजींनी अंगणात भरावाला पसरली. जुन्या भिंतीची पांढरी माती कुणी फेकतं का, म्हणे. मी आरडाओरडा केला. यजमानांनी मान हलवली.

नात चालायला लागली तेव्हा लेक तिला घेऊन आली. मामाजींचा तर थाटच होता. जो येईल त्याला पोरगी उचलून दाखवायचे. "आमची सून गावोगाव रिपोट मागत फिरली. हा पाहा रिपोट! मायनं निम्मी भीत खाल्ली, पोट्टी कशी गोटा हाय!" पाहुणे हसायचे. मी चहा द्यायची आणि आत निघून जायची. काय बोलणार? पोरगी खरंच ठणठणीत होती. ती आजारी पडावी, म्हणजे माझं खरं ठरेल, असं कुठली आजी मागेल?

एका संध्याकाळी शेजारचे म्हातारबाबा आले होते. मामाजींचं तेच पुराण चाललेलं. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. नात अंगणात उकिडवी बसली, खालची, त्या भरावाची माती मुठीत धरली आणि तोंडात घातली.

मी ताट टाकून उठेपर्यंत मामाजी तिच्याजवळ पोचले होते. काठी बाजेलाच राहिली. त्यांनी पोरीच्या तोंडात बोट घातलं, जिभेखालून, गालफडातून माती काढली. पोर किंचाळत होती. "पानी! पानी आना लवकर!" ते ओरडत होते. मी तांब्या नेला. त्यांनी तिला चूळ भरायला लावली, तिला येईना, तर ओंजळीनं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, धोतराच्या सोग्यानं जीभ पुसली.

शेजारचे बाबा हसत म्हणाले, "अरे खाऊ दे ना. तूच तं म्हन्तो, काही होत नाही."

पोरीला खांद्याशी धरून मामाजींनी माझ्याकडं पाहिलं. मग तांब्या पुढं केला.

"अजून आन, सूनबाई," ते म्हणाले.