पावणेनऊ इंची वीत

मिस्टर झी म्हणजे क्लेमेंट झालेव्स्की. एकतीस वर्षं आमच्या शाळेची पिवळी बस चालवतायत, पण तो जोडधंदा. खरं काम कॉलेजातल्या अमेरिकन फुटबॉलवाल्या पोरांचं मोजमाप. त्यातही फक्त लांबचा चेंडू पळता पळता झेलणारे. आमचा व्यावसायिक संघ मिस्टर झींना ओळखत नाही. एवढी बारीकशी अडचण सोडली, तर एप्रिलमधली नव्या खेळाडूंची निवड त्यांच्याशिवाय होऊच शकत नाही.

बस सिग्नलला थांबली, की मान न वळवता सुरू: "चाळीस यार्ड, चार पूर्णांक तीन दशांश सेकंद! लिहून घ्या, पोरांनो." आम्ही डबे खात असायचो.

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर महिन्याला मांसाची सोडत होते. चाक फिरतं, कुणी बेकन नेतं, कुणी अख्खं हॅम. आकडे पुकारायचा माइक मिस्टर झींच्या हातात, आणि त्या माइकवर त्यांचा जीव. पण नियम असा, की संघ पहिल्या फेरीत कुठला झेलणारा घेणार, हे सलग तीन वर्षं चुकलं की माइक जायचा, बरोबर सांगणाऱ्याकडे. दोन वर्षं ते चुकले होते. म्हणजे चुकला संघच, मिस्टर झी कसे चुकतील?

यंदा दोन नावं होती. दक्षिणेतला ट्रेमेन ओग्बर्न: सव्वासहा फूट, वाऱ्यासारखा, वीत दहा इंच. आणि आमच्याच गल्लीतला कोल्बी मार्झेक: मिस्टर झींच्या बसमध्ये सहा वर्षं बसलेला, पळायला बेताचा, वीत पावणेनऊ.

निवडीच्या संध्याकाळी सगळा गाव हॉलमध्ये टीव्हीसमोर. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत अंदाजाच्या चिठ्ठ्या पडत होत्या.

"क्लेम, कोल्बीचं नाव टाक," त्यांची बायको बर्निस पावात बीफ भरता भरता म्हणाली.

"पावणेनऊ इंच, बर्निस! त्या हातात तुझं हे सँडविचसुद्धा मावायचं नाही."

"बसमध्ये विसरलेले हातमोजे तू खिडकीतून फेकायचास, तो फुटपाथवरून पळत झेलायचा. बर्फात! एकदा तरी पडले?"

"हातमोजा म्हणजे चेंडू नव्हे."

"अरे, पण डोळ्यांनी पाहिलंस ना?"

"माझ्या मोजमापाच्या वहीत नाही, म्हणजे घडलंच नाही."

त्यांनी ओग्बर्न लिहिलं. बर्निसनं, सगळ्या हॉलमध्ये एकटीनं, कोल्बी.

आमच्या संघाची पाळी आली, आणि टीव्हीवर नाव झळकलं: कोल्बी मार्झेक. हॉल दणाणला. कुणीतरी बंबाचा भोंगाही वाजवला. मिस्टर झी वही चाळत होते. छपाईची चूक असणार.

तेवढ्यात टीव्हीवर कोल्बीला कुणी विचारलं, असं झेलायला शिकलास कुठे?

"आमच्या बसचे मिस्टर झी हातमोजे फेकायचे," तो म्हणाला. "पाडले, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागच्या सीटवर बसून चाळीस यार्डांचं भाषण ऐकावं लागायचं. कोण पाडेल?"

सगळा हॉल मिस्टर झींकडे वळून हसला. ते हसले नाहीत. खिशातून मोजपट्टी काढली.

"आण इकडे माइक," बर्निस म्हणाली.

"आधी हात पुढे कर." त्यांनी तिची वीत मोजली. "सात! पाडशील, सांगून ठेवतो."

बर्निसनं त्याच हातानं माइक धरला, दुसऱ्यानं चाक फिरवलं आणि पहिला आकडा पुकारला. हॅम मिस्टर झींना लागलं.

ते मात्र उचलता उचलता त्यांच्याच हातून पडलं.