सोयरिकीत शिरलेली इडली

बसा, चहा येतोय, तोवर माझी फजिती ऐकून घ्या. माझ्या जिभेला हाड नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण त्या दिवशी तिने पोरीची ठरत आलेली सोयरीकच मोडायला काढली होती!

आमच्या स्वातीला नवलाख उंबरे गावचं स्थळ आलं होतं. मुलगा अभय, कारखान्यात इंजिनिअर, घरची भातशेती. पोरांनी एकमेकांना पसंत केलेलं. आता आम्ही नवराबायकोने त्यांचं घर बघून यायचं, की सुपारी फुटणार. पण स्वातीला काळजी माझीच.

"बाबा, तिथे जेवणावर तुटून पडू नका. अभयला व्यायामाचं वेड आहे. जरा पौष्टिक खाण्यावर वगैरे बोला."

बापाचं काळीज हो! आठवडाभर मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. विषय निवडला इडली. इतका अभ्यास मी नोकरी लागताना केला असता तर साहेब म्हणून निवृत्त झालो असतो.

आणि नवलाख उंबऱ्यात पोचलो तर काय? पायरीवरच गावरान कोंबडीच्या रश्श्याचा वास! मुलाचे वडील, किसनभाऊ, हसत पुढे आले.

"पावनं, कोंबडं चालतंय न्हवं?"

साधं 'हो' म्हणायचं होतं. पण स्वाती आठवली आणि मी म्हणालो, "चालतं हो, पण खरं अन्न म्हणजे इडली."

मग काय, गाडी सुटली. तांदळात जे कमी पडतं ते उडदाच्या डाळीत असतं, डाळीत कमी पडतं ते तांदळात. पीठ आंबलं की जीवनसत्त्वं वाढतात, लोह अंगी लागतं. शिवाय वाफवलेलं, पोटाला त्रास म्हणून नाही. मी इतका रंगात आलो की सुनंदा, म्हणजे आमची सौ., मला कोपराने ढोसतेय हेही कळेना.

किसनभाऊंचा चेहरा उतरला. "रक्त कमी हाय का तुमचं?"

"कमी व्हायची वाट कशाला बघायची?" मी म्हणालो आणि एकटाच हसलो.

ते उठून आत गेले. स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "आवं, पथ्य असंल त्यांना. लाजंनं बोलत न्हाईत. अभय, जा, खोल्यांवर बघून ये."

त्यांच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये कारखान्यात कामाला आलेलं एक तमिळ कुटुंब राहतं. त्यांच्याकडून अभयने पातेलंभर गरम इडल्या आणल्या. पानं मांडली. सगळ्यांच्या ताटात कोंबडीचा रस्सा, तांदळाची भाकरी, इंद्रायणीचा भात. माझ्या ताटात इडल्या. मी कोणत्या तोंडाने नको म्हणणार?

पण खरा घाव पुढेच होता. किसनभाऊ हळूच म्हणाले, "पावनं, राग मानू नका. पर ह्यो आजार घरान्यातला हाय का? पोरांच्या संसाराचा प्रश्न हाय, म्हनून इचारतो."

सुनंदाचा घास हातातच राहिला. पोरीचं लग्न मोडतंय, आणि तेही इडलीमुळे!

"अहो, मला काहीसुद्धा झालेलं नाही."

"समदे आजारी असंच म्हनत्यात," अभयची आई म्हणाली.

आता माझी एक खोड सांगतो. मी घाबरलो की खातो. काय बोलावं सुचेना, म्हणून इडली खाल्ली. तरी सुचेना, म्हणून आणखी खाल्ल्या. सांबार संपलं, चटणी संपली, मी कोरड्याच दडपू लागलो. अभय पुन्हा खोल्यांवर जाऊन आला, तेही पातेलं मी रिकामं केलं. किसनभाऊ जेवायचे थांबले आणि माझ्याकडे बघत बसले. मग एकदम मांडीवर थाप मारून हसायला लागले.

"आगं, आजारी मानूस यवडं खातोय व्हय? ह्यो तर आमच्याहून धडधाकट हाय. काढ सुपारी!"

सोयरीक जमली! इतका आनंद झाला मला, की डोळ्यांत पाणी आलं. सुनंदानेही सुटकेचा निःश्वास टाकला. विहीणबाईंनी रश्श्याची वाटी आणून माझ्यासमोर ठेवली. वर तेलाचा लाल तवंग, मधे भलीमोठी तंगडी.

"घ्या आता निवांत. तुमच्यासाठीच राखून ठिवलीया."

मी पँटचा पट्टा सैल केला. भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडाजवळ नेला आणि ढेकर आला. इडलीचा. घास आत जाईना. गळ्यापर्यंत नुसतं पोषण भरलं होतं हो!

सुनंदाने शांतपणे वाटी स्वतःकडे ओढली. माझ्या डोळ्यांदेखत तंगडी संपवली, बोटं चाटली आणि विहीणबाईंना म्हणाली, "ह्यांना डब्यात इडल्याच द्या."