मळक्या रंगांची अर्लीन

नोव्हेंबर उजाडला की अर्लीन पेल्की सकाळी सकाळी दलदलीकडे कुणा बाप्याला भेटायला जाते, ही बातमी आमच्या व्हरमाँटच्या डोंगरगावात तीन वर्षं फिरत होती. ती सोडली होती शेजारच्या जोन टॅट्रोने, आणि जोनला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं ते एवढंच: एकसष्ट वर्षांची विधवा, खांद्यावर झोळी, पायांत घाई. झोळीत कॅमेरा असायचा, आणि बाप्या म्हणाल तर उघड्यावाघड्या झाडांची एक रांग. खरं कळलं तेव्हा गावाची जरा निराशाच झाली.

लालभडक पानं बघायला येणारे पाहुणे ऑक्टोबरात परत जातात. मग डोंगर बोडके होतात, आणि शाळेच्या मुलांना जेवण रांधणाऱ्या अर्लीनचा हंगाम सुरू होतो. बीच नावाच्या झाडाच्या फांद्यांना चिकटून राहिलेली, चहात बुडवून वाळवलेल्या कागदासारखी पानं. विझत आलेलं शेवाळ. तळ्यावरचा शिशासारखा उजेड.

पंचाईत ही, की हरणांच्या शिकारीचे दिवसही नेमके तेव्हाच येतात. आणि अर्लीन मुलखाची भित्री. बाप तिचा शिकारी होता. चार तास गारठ्यात बसलेल्या माणसाला झुडपालाही शिंगं दिसायला लागतात, हे त्याच्याच तोंडून ऐकलेलं. त्यामुळे या दिवसांत ती शिकाऱ्याला लांबून माणूस कळावा म्हणून घालायची नारिंगी बंडी चढवल्याशिवाय कचरा टाकायलाही बाहेर पडत नसे.

"झोपताना तरी काढतेस का गं ती?" जोन विचारायची.

एका शनिवारी बीव्हर प्राण्यांनी बांध घालून अडवलेल्या तळ्याशी ती गुडघे टेकून बसली. वारा नव्हता. पाण्यात राखाडी आभाळ, त्यात तपकिरी पानं, आणि मधोमध एक नारिंगी डाग. तिचाच. ती डावीकडे सरकली, डागही सरकला. अर्लीनने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, कान दिला. कुठे काही नव्हतं. मिनिटभरच, असं स्वतःला बजावत तिने बंडी काढली आणि मागच्या झाडाआड लटकवली. खालचा कोट तपकिरी लोकरीचा होता.

मग नेहमीसारखं तिने पांढरं पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. कॅमेऱ्याला खरा पांढरा दाखवला नाही तर तो राखाडीचा निळा करून टाकतो. कार्ड हात लांब करून धरलं, उजेडाकडे जरा हलवलं.

पलीकडच्या झाडीत बारीकसा 'टक्' झाला.

बंदुकीचा अडसर सरकवल्याचा तो आवाज तिने पाळण्यापासून ऐकलेला. इथलं हरीण बिचकलं की शेपूट उभारतं, ती खालून पांढरीशुभ्र असते, आणि आपल्या हातात काय हलतंय हे तिला आत्ता कळलं. कार्ड खाली घ्यावं तर ते पुन्हा हलणार. उभं राहावं तर तपकिरी पाठ वर येणार. ओरडावं, तर काय ओरडावं ते सुचेना. समोर झाडी तशीच, राखाडी, गप्प, आणि त्यातला कुठला राखाडी तिच्याकडे बघतोय ते कळायला मार्ग नव्हता.

शेवटी ओठ हलले, आणि रोज तोंडात असतं तेच बाहेर पडलं.

"सोमवारी मॅकरोनी आणि चीज," अर्लीन म्हणाली. मग जरा मोठ्याने, "मंगळवारी टोमॅटोचं सूप. बुधवारी टर्की, उकडलेले बटाटे, गाजरं. गाजरं उरलेली."

झाडीत कुणीतरी देवाचं नाव घेतलं. फांद्या मोडत जोनचा नवरा रॉयस बाहेर आला. तोंड पिठासारखं पांढरं. चार पावलं चालला आणि ओल्या पाचोळ्यात बसकण मारली.

"बोट चापावर होतं, अर्लीन," तो म्हणाला. "शेपूट दिसली मला. देवाशपथ, शेपूट दिसली."

अर्लीनने बंडी घातली. मग कार्ड झोळीत खोल सरकवलं.

रॉयसच्या अंगात जीव आला, तसा पाठोपाठ रागही आला. "अगं, अक्कल कुठे ठेवलीस? मेलेली पानं, गढूळ पाणी, सगळं मळकं. असल्या रंगासाठी माणूस जीव द्यायला निघतं?"

"तूही पहाटेपासून हरणाच्या त्याच मळक्या रंगासाठी बसलायस की, रॉयस," अर्लीन म्हणाली. "मी निदान आधी नीट बघते, मग बटण दाबते."