वर्षाचा मसाला

दसरा आला की आमच्या घरातली मसाल्याची बरणी पालथी पडायची. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात ऊसतोडीला जाणारं घर त्यावरून ओळखावं. बरणीतला उरलासुरला काळा मसाला आई शेजारच्या चुलतीला देऊन टाकायची, बरणी घासून उन्हात वाळवायची आणि घराच्या कोपऱ्यात उपडी घालून ठेवायची. मग ट्रॅक्टर यायचा. भांडी, गोधड्या, कोयते, शेळी आणि आम्ही पोरं, सगळी एकाच ट्रॉलीत.

सोबत फक्त तिखटाचा डबा असायचा. मिरची, मीठ आणि लसूण कुटून केलेलं लाल तिखट, तोड संपेपर्यंत आमचा मसाला तेवढाच. उसाच्या फडाच्या कडेला पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घातलेली, तिच्यात खालून ओल आणि वरून उंदीर. म्हणून आई तो डबा फडक्यात बांधून कोपीच्या मेढीला, मधल्या खांबाला टांगायची. सकाळी डाळीत तेच तिखट, रात्री कालवणात तेच. तोड लांबली आणि डबा खरवडला गेला की रस्त्याकडच्या टपरीवरून मसाल्याची पुडी यायची. तिला रंग असायचा, बाकी काही नाही. ती पुडी आजही दुकानात लटकलेली दिसली तर मी तोंड फिरवते.

गरिबी म्हटलं की लोकांना रिकामं ताट दिसतं. आमच्या ताटात भाकरी असायची. पण सहा महिने त्या ताटाला एकच चव असायची, आणि ती काय चीज आहे हे खाल्लेल्यालाच कळतं.

चैत्रात गावी परतलो की आई काळा मसाला करायची, पण दसऱ्यापर्यंत पुरेल इतकाच. बाकीची गल्ली वर्षाचा करायची. डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या मशिनीवर, मोठा घाणा आधी आणि बारका शेवटी अशी रीत. आमचा बारका. डंकवाला लांबूनच सांगायचा, ऊसतोडीवाल्यांचं मागून घेऊ. आई डबा मांडीवर घेऊन दुपारभर बसून राहायची. आमचा नंबर येईपर्यंत मशिनीत साऱ्या गावाचा मसाला चिकटलेला असायचा, आणि तो आमच्यात उतरायचा. आईच्या मसाल्याला तिच्या एकटीच्या हाताचा वास कधी आलाच नाही. याचा मला लहानपणापासून राग आहे. तो गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

पुढे मी वसतिगृहात राहून शिकले. आमच्या घरात कॉलेजची पदवी घेणारी पहिली मीच. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्यासारख्यांनी हे हळू आवाजात सांगावं अशी बऱ्याच जणांची अपेक्षा असते.

नगरला एका ऑफिसात नोकरी लागली त्या उन्हाळ्यात मी आईवडिलांना म्हणाले, आता तोडीला जाणं बंद. माझा पगार आहे, घरी डेअरीला दूध घालायला गाय आहे, भागेल. वडील म्हणाले, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही. बोलून उपयोग नव्हता, म्हणून मी बाजारात गेले आणि मसाल्याचं सामान आणलं. मिरची, धने, खोबरं, तीळ, दगडफूल, तमालपत्र, लवंगा, हळकुंडं, हिंगाचे खडे. सगळं वर्षाचं.

वडिलांनी पिशव्यांकडे बघितलं.

"एवढं कोन खानार? आमी गेल्यावर खवट हुईल सगळं."

"घरात ऱ्हातील ते खातील," मी म्हणाले.

त्यावर ते उठून गायीकडे गेले.

आईनं मात्र सामान हाताखाली घेतलं. मिरच्या पत्र्यावर वाळल्या. मग एकेक जिन्नस वेगळा, बेतानं तेल सोडून भाजायचा. धने एका रंगावर, खोबरं दुसऱ्या, कांदा पार काळसर होईपर्यंत. मिरची कढईत पडली तेव्हा अर्धी गल्ली खोकली. समोरच्या म्हातारीनं ओरडून विचारलं, लगीन हाय का काय घरात. आई हसली, पण तिचा हात थांबला नाही.

डंकावर मी आईच्या बरोबर गेले. डंकवाल्यानं सवयीनं हात केला, मागं थांबा. आईनं भाजलेल्या मसाल्याच्या दोन्ही पाट्या उचलल्या आणि त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवल्या.

"यंदा वर्साचं हाय," ती म्हणाली. "आधी मशीन पुसून घे."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, लेक साहेबीण झाली तवा आईला तोंड फुटलं. आई म्हणाली, "व्हय."

डंकवाल्यानं मशीन पुसलं.

घरी आल्यावर तिनं मसाला बरणीत दाबून भरला, वर हिंगाचे खडे ठेवले, तोंडाला फडक्याचा दादरा बांधला. पहिल्यांदाच ती बरणी गळ्यापर्यंत भरलेली मी बघितली. ओला चमचा घालाल तर बघा, असा दम तिनं सगळ्यांना दिला.

दसऱ्याला सुट्टी घेऊन मी गावी गेले. अंगणात पाय ठेवला आणि थांबले. बरणी घासूनपुसून दगडावर पालथी घातलेली होती.

ठरलं यांचं, असं वाटलं. आईला विचारलं तर तिनं बरणीकडे अशी नजर टाकली, जणू दुसऱ्याच कुणी ती तिथं आणून ठेवली होती. ठरलं काहीच नव्हतं. तोडीला माणसं नेणारा मुकादम येऊन गेला होता, वडिलांनी त्याला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही. पण तोडीला जाणाऱ्या घरांत गाठोडी बांधली जाऊ लागली आणि आईच्या हातांनी दरवर्षीचं काम उरकून टाकलं. मसाला चुलतीकडे पोचला होता, सगळाच्या सगळा.

"हातच गेलं गं," आई म्हणाली. "आता दिल्यालं कसं मागायचं? लोकं काय म्हनतील. जातो की यंदाच्याला, म्होरल्या वर्सी बघू."

परत तेच बघू. मागायची लाज वाटते म्हणून माझी आई आणखी एक हिवाळा फडात काढायला तयार होती. मी घरातलं मोठं पातेलं उचललं आणि चुलतीच्या दारात गेले. सांगितलं, मसाला परत न्यायला आलेय.

चुलती उंबऱ्यात बसली होती. तिनं पातेल्याकडे आणि माझ्याकडे बघितलं.

"शिकल्याली मानसं दिल्यालं मागं घेत्यात व्हय?"

"न्हाई घेत, काकी. पन आमी यंदा जात न्हाई. खानारी मानसं घरात हायेत."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. मग आत जाऊन डबा घेऊन आली आणि पातेल्यात ओतायला लागली. एक वाटी तिनं मागे ठेवली. एवढी वर्षं तुमचं घर राखलं त्याची ही, असं म्हणाली. मी म्हणाले, दोन ठेवा.

पातेलं दोन्ही हातांत धरून, त्यावर काही न झाकता, मी गल्लीतून परत आले. दारादारांतून बाया बघत होत्या. बघू दे म्हटलं. वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी मला बघितलं, मला बघणाऱ्यांनाही बघितलं. आम्ही यंदा जात नाही, हे आता सगळ्यांना कळलं होतं.

"मंग गायीला हिवाळ्याची वैरन बघाय पायजे," ते म्हणाले.

आईनं बरणी पुन्हा भरली. ट्रॅक्टर आला, आमच्या दारापुढे थांबला, हॉर्न वाजवला आणि पुढे गेला.

त्या थंडीत आमच्या स्वतःच्या चुलीवर हुलग्याची शेंगोळी शिजली, काळ्या मसाल्याची, वर तर्री आलेली. बरणीत चमचा घालताना आई दरवेळी आत वाकून बघायची. पुढच्या चैत्रात नवी मिरची पत्र्यावर पडली, तेव्हा तळाला थोडा जुना मसाला शिल्लक होता आणि तो खवट झालेला नव्हता.

आईवडील त्यानंतर तोडीला गेले नाहीत. आमच्या घरी दरवर्षी वर्षाचा मसाला होतो.