पत्र्यावरचं कुंकू

आमच्या कारखान्यात रंग देण्याआधी लोखंडी पत्र्यावर फॉस्फेटचा थर चढवतात, गंज धरू नये म्हणून. बघणाऱ्याला तो नुसता राखाडी डाग वाटतो, पण त्याच्यावर माझं पोट आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्याची प्रयोगशाळा मी सांभाळते, आणि त्या थरातलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही असं मला अगदी परवापर्यंत वाटत होतं.

यंदा नव्या रसायनाचा थर मनासारखा जमला. त्यातला सगळ्यात देखणा तुकडा मी मुंबईच्या एका संस्थेत फोटोइलेक्ट्रॉन तपासणीला पाठवला. तिथलं यंत्र पत्र्यावर क्ष-किरण सोडतं, त्यातून उडालेले इलेक्ट्रॉन मोजतं आणि अगदी वरच्या पापुद्र्यात कोणकोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगतं. नुसतं बोट लागलं तरी त्याला कळतं. अहवालात फॉस्फरस होता, जस्त होतं, आणि नको तेवढं कॅल्शियम.

कॅल्शियम म्हणजे क्षाराचं जड पाणी, मी निकाल लावून मोकळी झाले. आमच्याकडे पत्र्याची शेवटची धुलाई शुद्ध केलेल्या पाण्याने होते. तो पाण्याचा प्लांट एक कंत्राटी कामगार बघायचा. माणूस डोंगरातल्या गावचा, सरावलीत खोली घेऊन राहणारा.

"मॅडम, मीटर बराबर दाखवतंय. पाणी चांगलं हाय," तो म्हणाला.

"तुमच्या मीटरला काय कळतंय? ते मशीन खोटं बोलत नाही," मी सगळ्यांसमोर त्याला झापलं.

साहेबांनी ठेकेदाराला फोन केला आणि दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला. मला वाईटसुद्धा वाटलं नाही. जरा शिस्त लागेल, एवढंच मनात आलं.

माझं म्हणणं पक्कं व्हावं म्हणून मी त्या तुकड्याबरोबरच, त्याच पाण्यात धुतलेले आणखी दोन तुकडे तपासणीला पाठवले. दोन्हींत कॅल्शियम नावालाही नव्हतं. डोकं चालेना. मग फोन चाळताना खंडेनवमीचे फोटो समोर आले. पाटावर पाने, पकडी अशी हत्यारं, आणि मधोमध माझा तो देखणा तुकडा, त्यावर हळदीकुंकवाची बोटं. बोटं माझीच. हौसेने तो पूजेत मांडला मी, आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसून पाकिटात घातला तोही मीच. हळदीत चुना घालून कुंकू करतात, आणि चुना म्हणजेच कॅल्शियम. मशीन खरंच खोटं बोललं नव्हतं. बसल्या जागी माझे कान तापले.

साहेबांना सांगितलं तर ते हसले. "बोलवा त्याला परत," म्हणाले. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

सरावलीला त्याच्या खोलीवर गेले तेव्हा दारात बोचकी बांधून ठेवलेली होती. नवराबायको वीटभट्टीवर निघायच्या तयारीत होते. मी तोंड उघडण्याआधी तोच बोलला, "मॅडम, चुकलं आसंल माजं. टाकी परत घासाया पायजे व्हती. तुमचं मशीन कशाला खोटं बोलंल?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तशीच उभी राहून मी सगळं सांगितलं, पूजा, कुंकू, फडकं. सोमवारपासून कामावर या, असंही म्हणाले.

"म्हंजी पाणी चांगलं व्हतं?"

"चांगलं होतं."

तो आत वळून बायकोला म्हणाला, "आयकलंस ना? पाणी चांगलं व्हतं."

मी निघाले. पायरी उतरतेय तोच मागून हाक आली, "थांबा ताय." त्याची बायको करंडा घेऊन आली होती. घरी आलेल्या सवाष्णीला तशी कशी पाठवायची, म्हणून. माझी मान काही वर होईना. शेवटी तिनेच हनुवटीला हात लावून माझं तोंड वर केलं आणि कुंकू लावलं.